घाटाखाली कामाला, घाटावर लेकरं

गोव्यातल्या हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. कर्नाटकातल्या शाळांची दसऱ्याची सुट्टीही त्याच सुमारास पडते. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा वाढपी, स्वयंपाकी, रूमबॉय, ड्रायव्हर यांपैकी कुणी रजेचं नाव काढू शकत नाही. रजा मिळते ती पावसाळ्यात. तेव्हा शाळा भरलेल्या असतात, लावणीची घाई असते आणि चोर्ला घाटात धुक्यामुळे पुढची गाडी दिसत नाही. पोरं मोकळी असतात तेव्हा बाप अडकलेला, आणि बाप मोकळा होतो तेव्हा पोरं वर्गात. दूर कामाला असलेल्या बापाने बाप म्हणून काय करावं, हा प्रश्न कणकुंबी, पारवाड, चिखले, आमटे या गावांत विचारायचा तर आधी हे वर्षाचं गणित समोर ठेवायला हवं. माया किती आहे ते त्यानंतर.

कणकुंबी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर. माउलीचं देऊळ, रामेश्वराचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम ही गावाची ओळख. वर्तमानपत्रांत गावाचं नाव येतं ते कळसा-भांडुरा प्रकल्पामुळे, म्हादईच्या पाण्यावरच्या वादामुळे. त्या पाण्याच्या वाटणीसाठी लवाद बसला, 2018 साली त्याने निवाडा दिला, त्यावर अजून कर्नाटक आणि गोवा या दोन्ही राज्यांत बोलणं चालू आहे. याच घाटवाटेने खाली उतरणाऱ्या माणसांविषयी मात्र त्याच्या शतांशही कुणी बोलत नाही. भाताचं एक पीक, थोडी नाचणी, थोडे काजू, वर गव्यांचा आणि रानडुकरांचा उपद्रव. त्यावर घर चालत नाही. मग तरुण माणूस बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत जातो, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातो, पुण्याला जातो, सैन्यात भरती होतो. आणि सगळ्यांत सोपी वाट म्हणजे घाट उतरून साखळी, म्हापसा, पणजी.

या वाटेची गंमत नाही, व्यथा आहे ती अशी की ती फार लांबची नाही. कणकुंबीहून पणजी दोनेक तासांवर. इतक्या जवळ काम करणारा माणूस रोज घरी का येत नाही, असं शहरातला वाचक विचारेल. कारण हॉटेलचं किचन बंद व्हायला रात्रीचे बारा वाजतात आणि तोवर शेवटची बस कधीच गेलेली असते. कारण दुचाकीने रात्री घाट चढणं जिवावरचं आहे. कारण आठवड्याची सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी येते, आणि ‘उद्या यायचं हं’ असं मॅनेजर आदल्या रात्री सांगतो तेव्हा तीही जाते. मुंबईला गेलेल्या गिरणी कामगाराचं घर चारशे-पाचशे किलोमीटरांवर होतं. याचं सत्तरच्या आत आहे. तरी मुलाच्या आयुष्यातली दोघांची हजेरी फारशी वेगळी नाही. मला या सगळ्या प्रश्नात हीच गोष्ट मुळाशी दिसते. बाप लेकरापासून किती लांब आहे हे किलोमीटरवर ठरत नाही, त्याच्या वेळेवर त्याचा स्वतःचा किती ताबा आहे यावर ठरतं.

आपल्याकडे हे नवं नाही. कोकण आणि घाटमाथ्यावरच्या कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांवर जगल्या. आजरा, चंदगड, भुदरगडकडच्या माणसांच्या गावकीच्या खोल्या लालबाग-परळला होत्या; एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि पगार झाला की पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायची. मनीऑर्डरच्या फॉर्मला तळाशी छोटा तुकडा असे, त्यावर चार ओळी लिहिता येत. ‘पोरांना शाळेत घालणे’, ‘म्हैस विकू नये’ असल्या चार ओळींतून त्या पिढीने बापपण निभावलं. पोस्टमन ते वाचून दाखवी, तेव्हा सगळी आळी ऐकत असे. बापाला लेकराशी एकट्याने बोलायची सोय त्या व्यवस्थेत नव्हतीच. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कित्येकजण बिऱ्हाडासकट नव्हे, नुसती ट्रंक घेऊन गावी परतले. त्यांच्या घरातल्या मुलांना बाप पहिल्यांदा रोज दिसू लागला तो हरलेल्या अवस्थेत. त्या संपाच्या राजकारणावर भरपूर लिहिलं गेलं आहे. परतलेल्या त्या बापांवर आणि त्यांच्या वाढत्या वयातल्या पोरांवर अजून लिहायला हवं.

पोस्टाने जुनी मनीऑर्डर 2015 साली बंद केली. त्याआधीच एसटीडी बूथ आले होते. रात्री अकरानंतर दर उतरत म्हणून लोक झोपलेल्या मुलांना उठवून फोनवर आणत. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, 2016 नंतर डेटाही स्वस्त झाला. आवाज आला, चेहराही आला. मग दूरच्या बापाचा प्रश्न सुटला का? हे तपासायला एक जुनी मांडणी कामाला येते. मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम, जोसेफ प्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 च्या सुमारास बापाच्या सहभागाचे तीन भाग केले. एक, मुलाबरोबर प्रत्यक्ष घालवलेला वेळ: भरवणं, खेळणं, न्हाऊ घालणं. दुसरा, हाक मारल्यावर सापडणं. बाप शेजारच्या खोलीत काही वेगळं करत असला तरी मुलाला ठाऊक असतं की तो आहे. तिसरा, जबाबदारी: लसीची तारीख लक्षात ठेवणं, बुटांचा नंबर माहीत असणं, ताप आला तर काय करायचं हे ठरवणं.

दूर कामाला गेलेल्या माणसाचा पहिला भाग जवळजवळ जातो. दुसरा फोनने थोडाफार परत मिळवता येतो. तिसऱ्याला मात्र अंतराची अट नाही. आणि आपल्याकडे घोळ असा होतो की माणूस पहिला भाग गेला म्हणून हळहळत राहतो आणि तिसरा स्वतःहून सोडून देतो. ‘मी पैसे पाठवतो, बाकीचं ती बघते.’ घाटाखालच्या खोल्यांत हे वाक्य सारखं कानावर येतं. पैसे पाठवणं ही लहान गोष्ट नाही. रात्री बारापर्यंत भांड्यांच्या वाफेत उभं राहून ते मिळवलेले असतात आणि त्याला कमी लेखण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण जबाबदारी म्हणजे पैसे एवढंच धरलं की बाप मुलाच्या रोजच्या जगातून पुसला जातो, आणि त्याचं सगळं ओझं एका बाईच्या डोक्यावर जातं.

माझ्या ओळखीचा एक तरुण म्हापशाकडे हॉटेलात कुक आहे, त्याचा मुलगा गावात तिसरीत. पूर्वी तो रात्री उशिरा मोकळा झाल्यावर फोन करायचा, मुलगा झोपेत असायचा किंवा चिडलेला. आता तो संध्याकाळी साडेसहाला, रात्रीचं गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आधी, किचनच्या मागच्या बाजूला गॅसच्या सिलिंडरांजवळ उभा राहून फोन लावतो. दहा मिनिटं, रोज, त्याच वेळी. फोन उभा करायला त्याच्या बायकोने देवळीत तांदळाचा डबा ठेवलाय. पहिले काही दिवस तो ‘अभ्यास केलास काय?’ एवढंच विचारायचा आणि पोरगा ‘हूं’ म्हणून पळून जायचा. एकदा त्याने विचारलं, ‘म्हशीचं काय चाललंय?’ म्हैस गाभण होती. पोराने तिची कास कशी भरली, आजी रात्री कितीदा उठते, सगळं सांगितलं. व्याल्यावर रेडकू उभं राहताना तीनदा पडलं हे सांगायला त्याने स्वतःहून फोन मागितला. दुसऱ्या दिवशी बापाने विचारलं, ‘रेडकाला नाव काय ठेवलास?’ हा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न महत्त्वाचा होता. काल सांगितलेलं आज बापाच्या लक्षात आहे, हे त्या पोराला कळलं.

या साध्या अनुभवाला अभ्यासाचाही आधार आहे. 2014 साली अमेरिकेत रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ या संशोधकांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. नवे शब्द काही मुलांना समोरासमोर शिकवले, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर. समोरासमोर आणि कॉलवर मुलं शिकली, रेकॉर्डिंगवरून नाही. पडद्यावरचा माणूस मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे प्रतिसाद देतो की नाही, यावर सगळं अवलंबून होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगितलं तेव्हा व्हिडिओ कॉलला मोकळीक ठेवली, तीही याच विचाराने. म्हणून बापाने धाडलेली रील किंवा ‘गुड नाइट बेटा’चा व्हिडिओ हा कॉलच्या जागी चालत नाही. पाच मिनिटं असली तरी चालतील, पण ती दोघांची हवीत.

फोनलाही मर्यादा आहेत आणि त्या आपल्या भागात जास्त टोचतात. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं; त्याच्या आतल्या आमगाव, गवाळी, कृष्णापूर अशा गावांना रस्त्याची भ्रांत आहे, तिथे रेंजची काय कथा. कणकुंबीतही पावसाळ्यात वीज गेली की टॉवर गप्प होतो. अशा वेळी ठरलेल्या वेळेचा फोन लागत नाही, आणि पोरगं डब्यासमोर बसून राहतं. आधी सांगून ठेवावं लागतं: पावसात फोन नाही लागला तर सकाळी करीन. लहान मुलाला फोन न येण्यापेक्षा का आला नाही हे न कळण्याचा त्रास जास्त होतो.

मोबाइलच्या आधीही लांबून बापपण करणारी माणसं होती. 1928 च्या उन्हाळ्यात इंदिरा दहा वर्षांची होती, मसुरीला होती आणि जवाहरलाल नेहरू अलाहाबादला. त्यांनी तिला पृथ्वी कशी झाली, माणूस कसा झाला यावर पत्रं लिहिली. ती पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. मग 1930 ते 1933 या काळात बहुतेक तुरुंगातून तिला 196 पत्रं लिहिली, त्यांतून जगाचा इतिहास उभा राहिला. आपला कुक पोराला जगाचा इतिहास लिहून पाठवणार नाही, आणि नेहरूंच्या मुलीला घरात कशाची कमतरताही नव्हती. तरी एक गोष्ट दोघांकडे सारखी दिसते. बाप मुलाची चौकशी करत नाही, त्याच्याबरोबर एखाद्या विषयात रमतो. एकाचा विषय पृथ्वीचा जन्म, दुसऱ्याचा रेडकाचा.

आता दूरच्या बापाचा मुलांवर परिणाम काय होतो, हा सगळ्यांना सतावणारा प्रश्न. इथे घाईने काही बोलू नये. 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात 111 अभ्यास एकत्र केले होते. आईबाप कामासाठी दूर गेलेल्या मुलांत नैराश्य, चिंता, कुपोषण, खुंटलेली वाढ यांचा धोका जास्त दिसला. आणि पैसा आल्याने मुलांची तब्येत सुधारली, असा पुरावा काही मिळाला नाही. वाचून पोटात गोळा येतो. पण त्यांतले 91 अभ्यास एकट्या चीनमधले, आणि तिथे पुष्कळदा आई आणि बाप दोघंही शहरात जातात, मुलं आजीआजोबांकडे राहतात. आपल्या भागात आई बहुतेक घरी असते. आग्नेय आशियातल्या चार देशांत एल्स्पेथ ग्रॅहम आणि लूसी जॉर्डन यांनी केलेला 2011 चा अभ्यास आपल्याला जास्त जवळचा. त्यांना इंडोनेशिया आणि थायलंडमध्ये बाप परदेशी गेलेल्या मुलांची मानसिक स्थिती घरी बाप असलेल्या मुलांपेक्षा खराब आढळली, फिलिपाइन्स आणि व्हिएतनाममध्ये तसा फरक आढळला नाही. म्हणजे बाप गेला की मूल बिघडतं, असा नियम नाही. घरात मागे कोण आहे आणि समाज त्या जाण्याकडे कसं बघतो, यावर पुष्कळ ठरतं.

फिलिपाइन्समध्येच रासेल पारेन्यास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2005 साली परदेशी कामाला गेलेल्यांच्या मुलांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक गोष्ट लख्ख दिसते. परदेशी गेलेल्या आया फोनवरून मुलांच्या जेवणापासून परीक्षेपर्यंत सगळ्यात असतात. गेलेले बाप मात्र बहुधा पूर्वीसारखेच बाप राहतात: पैसा देणारे, लांबून दरारा ठेवणारे. म्हणून सुट्टीवर आल्यावर बाप आणि मुलं एकमेकांसमोर अवघडून बसतात, बोलायला विषय नसतो. हे मी फिलिपाइन्सविषयी वाचलं तेव्हा मला जांबोटीच्या बसस्टँडवर उतरणारे बाप दिसले. पाठीवर सॅक, हातात काजूची पिशवी आणि चॉकलेटांचा डबा. पोरगं आईच्या पदराआडून बघतं. आई म्हणते, ‘जा की, पप्पा आलेत.’ ते जात नाही. आणि बापाला ते फार लागतं.

त्या लागण्यातून पुढची चूक होते. दुसऱ्या दिवशी बाप शिस्त लावायला घेतो. पोरगं मोबाइलवर का बसतंय, मुलगी इतक्या उशिरा कुठून आली, वह्या कुठे आहेत. घरातलं चाक त्याच्याशिवाय आपल्या गतीने फिरत असतं. मुलांनी कुणाला काय विचारायचं, कधी झोपायचं, हे आईने बसवलेलं असतं. चार दिवसांसाठी आलेला माणूस ते मोडतो आणि परत जातो, निस्तरणं तिच्याकडे राहतं. फौजी घरांत हे फार जुनं दुखणं आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून आहे, या जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी हे दुखणं जवळून पाहिलंय. जुन्या सुभेदारांच्या बायका नव्या सुनांना सांगतात, ‘तो आला की पहिले दोन दिवस त्याला पाहुणाच समज.’ मी उलटं म्हणेन: त्या दोन दिवसांत त्याने स्वतःला पाहुणा न समजता बायकोच्या हाताखाली काम करावं. पाणी भरावं, डबा भरून द्यावा, शाळेपर्यंत चालत सोडायला जावं आणि तोंड बंद ठेवून बघावं. मुलांच्या दिनक्रमात शिरल्यावरच त्यावर बोलायचा हक्क येतो.

फौजी बापाचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 30 दिवस किरकोळ रजा असते. शांततेच्या ठाण्यावर नेमणूक झाली आणि क्वार्टर मिळालं तर बिऱ्हाड बरोबर नेता येतं. तो हजार-दोन हजार किलोमीटरांवर असतो, त्याच्या जिवाला धोका असतो, रजा रद्दही होते. तरी त्याच्या मुलीला साधारण माहीत असतं की पप्पा कधी येणार, किती दिवस राहणार. पणजीतल्या वाढप्याच्या मुलीला हे माहीत नसतं, कारण ते तिच्या बापालाच माहीत नसतं. ‘पप्पा, कवा येतासा?’ या प्रश्नाला ‘बघतो’ हेच उत्तर. अंतराच्या हिशेबाने ती मुलगी नशीबवान, पण वाट बघण्याच्या हिशेबाने तिची परवड जास्त.

मागे राहणाऱ्या बाईविषयी लिहिल्याशिवाय बापाविषयी लिहिणं खोटं ठरेल. दूर असलेला बाप मुलांना दिसतो तो आईच्या तोंडून. ‘थांब, पप्पांना सांगते’ असं ती रोज म्हणाली तर बाप म्हणजे मारणारा हात एवढंच मुलाच्या मनात राहतं. ‘हे पप्पांना विचारून करू’ असं म्हणाली तर तो घरात असतो. पण हे तिने का करावं, असंही विचारायला हवं. शेत, गुरं, सासू-सासरे, शाळा, रेशन सगळं तिच्यावर, आणि वर नवऱ्याची प्रतिमा जपायची. सोनाल्दे देसाई आणि मंजिष्ठा बॅनर्जी यांनी 2008 साली देशभरच्या पाहणीवरून दाखवलं की नवरा बाहेरगावी असलेली बाई वेगळं बिऱ्हाड करून राहत असेल तर तिचा अधिकारही वाढतो आणि भारही. एकत्र कुटुंबात राहत असेल तर अधिकार बहुधा सासू-दिराकडेच राहतो. कणकुंबीकडच्या घरांत दुसरा प्रकार जास्त. पोराला बेळगावला दवाखान्यात न्यायचं की नाही हे चुलता ठरवतो, आणि आई मुकाट्याने पिशवी भरते. दूरच्या बापाने फोनवरून करण्यासारखं सगळ्यांत मोठं काम इथे आहे: भावाला आणि आईला स्पष्ट सांगणं, की पोरांचं ती ठरवील. त्यासाठी हिंमत लागते, पैसे लागत नाहीत.

शाळेचंही तसंच. कर्नाटकात 2001 पासून सरकारी शाळांना एसडीएमसी, म्हणजे पालकांची समिती आहे. सीमाभागात मराठी शाळेत शिक्षक आहेत की नाहीत, मुलांना कन्नड नीट शिकवलं जातंय की नाही, पुढे हायस्कूलला खानापूर की बेळगाव, हे प्रश्न घराघरांत आहेत. समितीच्या बैठका कामाच्या दिवशी होतात, बाप तिथे नसतो, आणि आई गेली तर गप्प बसते. शिक्षकाचा नंबर बापाच्या फोनमध्ये असणं, महिन्यातून एकदा पाच मिनिटं त्याच्याशी बोलणं, हे दहा चॉकलेटच्या डब्यांपेक्षा मोलाचं आहे. शिक्षकही मग त्या मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

बाप लांब जाण्यापेक्षा सगळं कुटुंब बरोबर गेलं तर? त्याचंही उत्तर याच पट्ट्यात बघायला मिळतं. निपाणी-चिकोडीच्या साखर कारखान्यांना ऊस लागला की बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं फडाच्या कडेला, पालात. त्या मुलांना बाप चोवीस तास डोळ्यांसमोर आहे, आणि शाळा पाच-सहा महिने नाही. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, थोडी मोठी झाली की तीही मोळ्या बांधते. बाप आपल्याबरोबर असणं ही एवढी मोठी गोष्ट असूनही ती एकटी पुरत नाही, हे त्या फडावर गेलं की कळतं. मुलांना गावी ठेवून हंगामी वसतिगृहात घालणारे पालक काळजावर दगड ठेवून तेच निवडतात, जे आपला कुक निवडतो.

बाळ जन्मल्यानंतरचे दिवस ही मात्र अशी गोष्ट आहे, जी फोनने किंवा नंतरच्या रजेने भरून निघत नाही. फिलिपाइन्सच्या सेबू शहरात ली गेट्लर आणि सहकाऱ्यांनी 624 तरुणांचा काही वर्षं माग ठेवला. 2011 साली त्यांचे निष्कर्ष आले. बाप झालेल्यांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं, आणि जे रोज तीन तासांहून जास्त मुलाचं करत त्यांच्यात ते आणखी कमी होतं. मुलाचं करता करता पुरुषाचं शरीरही बापाचं होतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, बाप बारशाला जाऊन पाळणा हलवून परत. गोव्यात कामाला असलेल्याला तर बारशालाही एक दिवसाची सुट्टी कशीबशी मिळते.

कायदा इथे तोकडा आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पहिल्या दोन मुलांच्या वेळी 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. 2017 साली खासगी आस्थापनांतल्या आईची पगारी रजा 26 आठवडे झाली, बापासाठी त्यात एक दिवसही आला नाही. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं. असंघटित कामगारांसकट सगळ्या बापांचा विचार त्यात होता. ते मंजूर झालं नाही. सातव 2021 मध्ये गेले. स्वीडनने 1974 मध्येच आईबाप दोघांना वाटून घेता येईल अशी रजा दिली, हे सांगितलं की आपल्याकडे लोक म्हणतात, तो श्रीमंत देश. पण पंधरा दिवस ही श्रीमंतीची गोष्ट नाही. जूनमध्ये रिकाम्या पडलेल्या हॉटेलला तर नाहीच.

प्रवासाचाही विचार व्हावा. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. कणकुंबीची आई लेकीला घेऊन बेळगावला भाडं न भरता जाते, ही मोठी सोय झाली. पण बाप आहे घाटाखाली, दुसऱ्या राज्यात. त्याला मुलं भेटवायला न्यायची तर तिकीट लागतं, आणि राहायला त्याची खोली म्हणजे पाच-सहा जणांच्या गाद्या, एका बोर्डाला लटकलेले सगळ्यांचे चार्जर आणि बाहेर सामाईक नळ. तिथे बायको-पोरांना नेता येत नाही. मालकाने वर्षातून आठ दिवस का होईना, कामगाराच्या कुटुंबाला उतरायला एक खोली ठेवली तर पोरांना आपला बाप कुठे झोपतो, कुठे राबतो हे दिसेल. बाप काम करताना ज्याने पाहिलाय, त्या मुलाला ‘पप्पा का येत नाहीत’ हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या राज्यात कामाला जाणाऱ्यांसाठी 1979 साली कायदा झाला. ठेकेदाराने नेलेल्या कामगाराला येण्याजाण्याचं भाडं द्यावं, असं त्यात होतं. 2020 च्या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संहितेत तो कायदा विलीन झाला आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगाराला वर्षातून एकदा मूळ गावी जाण्यायेण्याचं भाडं मालकाने एकरकमी द्यावं, अशी तरतूद आली. नियमांतल्या अटी पूर्ण झाल्या तर कणकुंबीहून म्हापशाला गेलेला कुकही त्यात बसू शकतो, कारण मध्ये राज्याची हद्द आहे. रक्कम लहान, एका बसभाड्याची. पण घरी जाणं हा कामगाराचा हक्क आहे आणि तो मालकाच्या हिशेबात धरला जावा, हे त्यात मान्य झालेलं आहे. मागायला मात्र कामावर असल्याचा कागद हवा, आणि नेमणूकपत्र देणं याच संहितेने मालकावर बंधनकारक केलं आहे. बेळगाव-खानापूरच्या संघटना, पंचायती आणि गोव्यातली सीमाभागातल्या लोकांची मंडळं यांनी एका पावसाळ्यात, माणसं गावी असताना, एवढं एक काम हाती घ्यावं: कुणाकडे नेमणूकपत्र आहे, कुणाकडे नाही, याची गाववार यादी. आणि यादी घेऊन मालकांकडे जाताना त्याच कागदावर दुसरी मागणी लिहावी, की महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांच्या सुट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लागावा आणि आदल्या रात्री तो बदलू नये.